डावा पीळ

“बर्नरला लाल लावू की हिरवी, मास्तर?”

“यादीत काय आहे?”

“यादीत सगळंच लाल आहे. विचारायची पद्धत म्हणून विचारतोय.”

“मग लाव.”

भांडारपालाने बर्नरच्या पितळी मानेवर लाल चिठ्ठी चिकटवली आणि अंगठ्याने दाबून बसवली. लाल म्हणजे भंगार, हिरवी म्हणजे ठेवायचे. संशोधन संस्थेच्या तळघरातील चौदा क्रमांकाच्या या खोलीत सकाळपासून लेथ, भट्टी, नळ्यांची मांडणी आणि बसायचे स्टूल लाल झाले होते. हिरव्या चिठ्ठ्यांचे रीळ अजून वेष्टणातच होते. गॅसवाले तर आठलाच येऊन जोडणी तोडून, नळीच्या तोंडाला टोपण बसवून गेले होते. निवृत्त होणाऱ्या माणसाचा शेवटचा दिवस संध्याकाळी साडेपाचपर्यंत असतो, ही गोष्ट त्यांच्या कागदांत बहुधा नमूद नसावी.

हा माणूस चौतीस वर्षे इथे काच फुंकत होता. शास्त्रज्ञांना जे पात्र बाजारात मिळत नाही, ते त्यांनी कागदावर वेडेवाकडे काढून आणायचे आणि त्याने ते ज्योतीवर घडवून द्यायचे. संस्थेतले सगळे त्याला फुंकरमास्तर म्हणत. हे नाव प्रेमाने पडले होते की कुचेष्टेने, याचा छडा लावायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

“वरचं मशीनपण आजच जाणार का?” मास्तरांनी विचारले.

“पाचला गाडी येतेय. वजनावर उचललंय. तेवढं तुम्ही जरा सुटं करून ठेवा, नाहीतर हमाल आपटतील.” भांडारपाल दारात घुटमळला. “एक बोलू? राग मानू नका. निदान हे घरच्या माणसाने केलं. परक्याने केलं असतं तर जास्त लागलं असतं.”

“तुला कोण म्हणालं मला कमी लागलं?”

भांडारपालाने हसावे की नाही याचा थोडा विचार केला आणि मग तो रीळ घेऊन निघून गेला.

घरचे माणूस म्हणजे मास्तरांची मुलगी. संस्थेने आपल्या पुनर्रचनेसाठी एक सल्लागार कंपनी नेमली होती आणि मुलगी त्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती. अहवालातील तीन ओळी मास्तरांना पाठ होत्या. ‘खोली क्रमांक चौदा : कामाची दृश्यमानता अत्यल्प. सेवा बाहेरून घेणे शक्य. जागेचा पर्यायी उपयोग : कर्मचाऱ्यांसाठी करिअर-समाधान कक्ष.’ खाली तिची सही होती. तिरकी, डाव्या हाताची, स्वच्छ. आपले काम कुणाच्या नजरेस पडत नाही, हे मास्तरांना चौतीस वर्षे ठाऊक होते. ते मोजता येते आणि मोजल्यावर त्याला ‘अत्यल्प’ असे विशेषण लागते, ही भर मात्र पोटच्या पोरीने घातली होती.

ते कानस खिशात टाकून पहिल्या मजल्यावर गेले.

निर्वात यंत्र व्हरांड्याच्या टोकाला भिंतीवर उभे होते: माणसाच्या उंचीचे, काचेच्या नळ्यांचे जाळे. या यंत्रातली हवा काढून घेऊन त्यात केलेल्या प्रयोगांवर संचालकांना मोठा पुरस्कार मिळाला होता. शेजारी त्यांचा फोटो होता. फोटोत संचालक यंत्राकडे पाहत होते आणि यंत्र मागे पुसट आले होते. आता धातूचे नवे यंत्र आले होते. मास्तरांनी उजवीकडून तिसरा सांधा शोधला. जाड नळी बारीक नळीला मिळते ती जागा. तिच्या वर आणि खाली कानशीने चरा काढला, बोट ओले करून चऱ्यावर फिरवले आणि दोन्ही अंगठे टेकवून हलकेच दाबले. टक् असा आवाज झाला. वीतभर तुकडा हातात आला. तो खिशात घालताना त्यांनी मागे वळून पाहिले. चौतीस वर्षांत या इमारतीतून त्यांनी पेन्सिलही घरी नेली नव्हती.

तो सांधा त्यांनी केलेला नव्हता.

बावीस वर्षांपूर्वीच्या सुट्टीत त्यांची सोळा वर्षांची मुलगी रोज त्यांच्याबरोबर तळघरातल्या खोलीत येत असे. मास्तर शिकणाऱ्याला पहिले तीन महिने ज्योत देत नसत. न पेटवलेल्या बर्नरवर थंड नळीच फिरवायची. डाव्या हातात एक, उजव्या हातात दुसरी, दोन्हींवर पेनाने ओढलेली रेघ, आणि तासभर त्या दोन रेघा एकमेकींसमोरून हलता कामा नयेत. थोराड पुरुष या कामाला कंटाळून आठवड्यात पळून जात. पोरीने नवव्या दिवशी विचारले, “बाबा, आता पेटवू?” त्यांनी रेघा पाहिल्या आणि ज्योत दिली.

ती डावखुरी होती. काच मऊ पडली की पुढाकार घेणाऱ्या हाताचा सूक्ष्म पीळ काचेच्या अंगात राहतो. सगळ्या जगाचा उजवीकडे, हिचा डावीकडे. “डावरे, तुझी काच उलटी चालते,” असे ते म्हणत, आणि म्हणताना त्यांना जे वाटे त्याला अभिमानाखेरीज दुसरा शब्द नव्हता. महिन्याअखेरीस तिने तो सांधा केला. रात्रभर भट्टीत सावकाश निववला आणि सकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्यासमोर ठेवला.

नेमका त्याच सकाळी संचालकांच्या एका विद्यार्थ्याचा प्रबंध मास्तरांच्या टेबलावर येऊन पडला होता. त्याच्या प्रयोगांतले प्रत्येक पात्र त्यांनी घडवले होते. पाच वर्षे, काही तर चार-चारदा. ऋणनिर्देशात मार्गदर्शकांचे आभार होते, टंकलेखकाचे होते, चहा पाठवणाऱ्या मार्गदर्शक-पत्नीचे होते आणि अखेरीस ‘ज्ञात-अज्ञात इतरांचे’ होते. मास्तर आपण ज्ञात की अज्ञात, हे ठरवत बसले होते. तेवढ्यात पोरीने विचारले, “बघा ना बाबा. ताण आहे का?”

काचेतला ताण डोळ्यांना दिसत नाही. नीट न निवलेली काच आज धडधाकट दिसते आणि सहा महिन्यांनी कुणी हात न लावता तडकते. तो पाहण्यासाठी खोलीत एक तपासणीपेटी होती: खाली दिवा, मध्ये वस्तू, वर काळसर काच. ताण असला की इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसत. नसला की काहीही दिसत नसे, नुसता काळोख. मास्तरांनी तिचा सांधा पेटीत धरला. काळोख. त्यांनी तो फिरवला, पुन्हा फिरवला. इतका निखळ काळोख त्यांच्या स्वतःच्या सांध्यांतही वर्षातून चार-दोनदाच दिसत असे.

“ताण आहे,” ते म्हणाले. “बोटांत नाही तुझ्या हे. अभ्यासाला लाग.”

“मला बघू द्या.”

“बघण्यासारखं काही नाही.”

हे वाक्य शब्दशः खरे होते. ती डोळे न पुसता घरी गेली, आणि पुन्हा खोलीत आली ती बावीस वर्षांनी, हातात मोजपट्टी आणि गळ्यात ओळखपत्र घालून. सांधा फेकून देतो असे त्यांनी तिला सांगितले होते. त्याच आठवड्यात त्यांनी तो निर्वात यंत्रात बसवला. चांगले काम फेकवत नाही, ही त्यांच्या स्वभावातली एक खोडच होती. माणसाच्या बाबतीत त्या खोडीचा त्यांना विसर पडला होता.

निरोपसमारंभ तीनला होता. सभागृहात पुढच्या रांगेत मुलगी बसली होती. संचालक बोलायला उभे राहिले. यश म्हणजे पद नव्हे, पैसा नव्हे, तर कामातला आनंद, असे त्यांनी सांगितले. ज्यांच्याकडे पद आणि पैसा दोन्ही असतात त्यांना हे विशेष पटलेले असते.

“आता आपले हे काचवाले मास्तर पाहा,” संचालक म्हणाले. “चौतीस वर्षं. आपल्या प्रयोगशाळांतली प्रत्येक काच या माणसाने लख्ख ठेवली. कधी एक डाग नाही. धुण्यासारख्या साध्या कामातही किती समाधान असतं, हे तरुणांनी यांच्याकडून शिकावं.”

टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतला भांडारपाल खोकला. मास्तरांनी मुलीकडे पाहिले. तिचे तोंड उघडले होते; ते तिने मिटले आणि समोरच्या कागदाची घडी घातली. संचालक तिच्या कंपनीचे ग्राहक होते.

“दोन शब्द बोला,” कुणीतरी म्हणाले.

“साहेब म्हणाले ते बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. “काच चांगली असली की दिसत नाही.”

यावरही टाळ्या झाल्या. मग त्यांना चौकोनी, पारदर्शक स्मृतिचिन्ह देण्यात आले. वर सोनेरी अक्षरांत ‘यशस्वी कारकिर्दीबद्दल’ असे होते. मास्तरांनी सवयीने त्यावर नख वाजवले. आवाज बद्द आला. प्लॅस्टिक होते.

ती त्यांच्या मागोमाग तळघरात आली.

“बाबा, मी तिथे बोलायला हवं होतं.”

“साहेबांचं भाषण का मोडायचं? ते छान बोलतात.”

“टोमणे मारू नका. अहवालाबद्दल मी तुम्हाला आधीच सांगणार होते. मी नसतं लिहिलं तर दुसऱ्या कुणी लिहिलं असतं. आणि तुम्ही तरी आणखी किती वर्षं...”

“मी काही म्हटलंय का?”

“तेच तर. तुम्ही कधीच काही म्हणत नाही. मी लोकांना दिवसभर हेच सांगते, मनात साठवू नका, ताण येतो.” ती स्वतःच थांबली. “काय शब्द आला तोंडात.”

“ऐकतात लोक?”

“पैसे देतात. ऐकत असतील.” ती लाल चिठ्ठी लावलेल्या स्टुलावर बसली. “खरं सांगू? मला सकाळी उठावंसं वाटत नाही. सगळं मिळालंय. संध्याकाळी हातात धरता येईल असं मात्र काही नसतं. तुम्ही हसाल.”

मास्तर हसले नाहीत. त्यांनी तपासणीपेटीचा दिवा लावला, स्मृतिचिन्ह आत धरले आणि बाजूला झाले. “बघ.”

ती वाकली. साच्यात घाईने ओतलेल्या त्या ठोकळ्यात जांभळे, हिरवे, नारिंगी पट्टे गच्च भरले होते. ‘यशस्वी’ या शब्दाभोवती सगळ्यात दाट.

“अरे देवा,” ती म्हणाली, आणि हसली. “हे महिनाभर तरी टिकेल का?”

“प्लॅस्टिक आहे. ते टिकतं.” मग त्यांनी खिशातून तो वीतभर तुकडा काढला आणि पेटीत धरला. तिथे काळोख होता.

ती बराच वेळ वाकून पाहत राहिली. “काही दिसत नाही.”

“नाही.”

“कुठला हा?”

“वरच्या मशीनचा. उजवीकडून तिसरा. बावीस वर्षं निर्वात झेलला.”

तिने तुकडा बाहेर काढला, छतालगतच्या झरोक्याच्या उजेडात तिरपा धरला आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. पीळ डावीकडे होता. अंगठा तिथे थांबला.

“तुम्ही म्हणाला होतात ताण आहे.”

“म्हणालो होतो.”

“फेकला म्हणालात.”

“तेही म्हणालो.”

“का?”

याचे उत्तर त्यांच्याजवळ बावीस वर्षे तयार होते. त्यात प्रबंध होता, ऋणनिर्देश होता, ज्ञात-अज्ञात होते. बाहेर आले ते एवढेच: “तुझं चांगलं व्हावं म्हणून.”

“झालं ना,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. अहवालातला आकडा वाचून दाखवावा तशी ती बोलली.

दारावर टकटक झाली. भांडारपाल होता. “मॅडम, गाडी आलीय. चौदा नंबरची तुमची सही राहिली.” मग त्याला तिच्या हातातला तुकडा दिसला, आणि त्याने दोघांचे चेहरेही पाहिले. “एवढ्याशा तुकड्याने वजनात काय फरक पडतोय. मी काही बघितलं नाही.”

ती उठून बर्नरसमोर उभी राहिली. तुकड्याचे एक टोक तिने डाव्या हातात घेतले, दुसरे उजव्या; कोपरे टेबलाला टेकवली आणि मनगटे सैल सोडली. मग बोटे चालू झाली. प्रथम अडखळली. नंतर एकसारखी, न थांबता, दोन्ही हातांची एकाच गतीने.

“मॅडम, सही...”

“थांब जरा,” मास्तर त्याला म्हणाले.

त्यांनी सवयीने तिच्या बोटांकडे पाहिले. रेघ असती तर हलली नसती. त्यांचा हात आपोआप गॅसच्या चावीकडे गेला, आणि टोपणावर जाऊन थांबला. ती फिरवतच होती.