चेहऱ्यावरचा भाव

दुपारी अडीचला, घर कसं चिडीचूप झालेलं असताना, फ्रीजवरचा फोन घर्रघर्र करत सरकला आणि बिस्किटांच्या डब्यावर जाऊन आपटला. डबा ठणकन वाजला. पाऊण तास थोपटून झोपवलेली साडेचार वर्षांची मुंगी ताडकन उठून बसली. तिच्या आईने तोंडाला न लावलेला चहा खाली ठेवला आणि फोन उचलला.

पासपोर्टच्या कार्यालयाचा निरोप होता. नणंद स्वयंपाकघरातून मान लांब करून बघत होती, म्हणून आईने तो मोठ्यानेच वाचला. “अर्जदाराचे छायाचित्र नामंजूर. चेहऱ्यावर भाव आहे. कोणताही भाव नसलेले छायाचित्र शुक्रवारपर्यंत द्यावे, अन्यथा अर्ज रद्द समजावा.”

“हसली म्हणून?” नणंद म्हणाली. “वहिनी, एवढ्याशा पोरीने काय गणिताच्या मास्तरांसारखं बसायचं?”

“तसंच दिसतंय.”

मुंगीचा बाबा अकरा महिन्यांपासून समुद्रापलीकडे कामाला होता. त्याच्याकडे जायची दोघींची तिकिटं निघाली होती, तीन आठवड्यांनंतरची. आईचा पासपोर्ट लग्नाआधीपासूनचा. अडलं होतं ते मुंगीचं घोडं. अर्ज रद्द झाला की पुन्हा पहिल्यापासून रांग, आणि तोवर बाबा फोनच्या काचेतच. आज गुरुवार होता.

“भाव म्हणजे काय?” मुंगीने डोळे चोळत विचारलं.

“तो चेहऱ्यावर असतो,” आई तिच्या केसांतून कंगवा ओढत म्हणाली. “आज तो नकोय.”

“मग कुठे ठेवू?”

“कुठेही ठेव बाई, फक्त चेहऱ्यावर नको.”

मुंगी एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन विचार करत बसली. “चल ग,” आत्या दारातून म्हणाली, “किती भाव खाशील?”

मुंगीने आत्याकडे पाहिलं. मग ओठ घट्ट मिटले आणि रस्ताभर चकार शब्द काढला नाही. आईला वाटलं, झोपमोड झाल्याचा राग असेल.

फोटोचं दुकान किल्ल्या बनवणाऱ्याच्या शेजारी होतं. फोटोवाल्या काकांनी निरोप दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि पोरांना हसवायला ठेवलेलं घंटेचं माकड गुपचूप खणात कोंबलं. “वीस वर्षं पोरांना हसवतोय,” ते म्हणाले. “न हसवायचं कुणी शिकवलंच नाही.”

मुंगी पांढऱ्या पडद्यासमोर स्टुलावर बसली आणि तिने गाल टम्म फुगवले. डोळे वटारलेले, ओठांना जणू कुलूप.

“गाल आत घे, राणी.”

मुंगीने मान हलवली.

“गालगुंड वगैरे नाही ना हो?” काकांनी आईला हळूच विचारलं. तरीही एक फोटो काढून पाहिला. “हा बेडकाच्या पासपोर्टला चालेल.”

आईने गोंजारून पाहिलं, दटावून पाहिलं, चॉकलेट दाखवून पाहिलं. काकांनी पोरीला कंटाळा यावा म्हणून विजेचं बिल पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. त्याने त्यांनाच जांभई आली. बारा फोटो झाले, बारा बेडूक. शेवटी आई फरशीवर गुडघे टेकून बसली. तिचा आवाज जरा ओला झाला. “बाबाकडे जायचंय ना आपल्याला? मग सांग बघू, काय आहे तोंडात?”

“म्हाव,” मुंगी मिटल्या ओठांनी म्हणाली.

“काय?”

“म्हाव.”

“मांजर?” काकांनी विचारलं.

मुंगीने तळहाताचा आडोसा केला आणि आईच्या कानाशी ओठांची चिमूटभर फट उघडली. “भाव आहे. तू म्हणालीस चेहऱ्यावर नको. मग मी खाल्ला. आत्याला विचार. तोंड उघडलं की बाहेर येईल.”

आईच्या पोटातून हसू उसळी मारून वर आलं. पण ती हसली की पोर हसणार, हे ती जाणून होती. तिने गाल आतून चावला.

“मग गिळून टाक, बाळा.”

“सगळा?”

“सगळा.”

मुंगीने डोळे मिटले. घोट गळ्यातून खाली गेलेला दिसला. मग तिने डोळे उघडले आणि तो आत कुठपर्यंत पोचला याचा कानोसा घेत ती बसली. धुऊन पालथ्या घातलेल्या ताटलीसारखा चेहरा, स्वच्छ, कोरा. काकांनी श्वास रोखून बटण दाबलं.

शुक्रवारी दुपारी फोन पुन्हा घरघरला. फोटो मंजूर. आई कालचं आणि आजचं मिळून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. नणंदेने “माझ्यामुळे झालं हं,” म्हणून श्रेयही घेऊन टाकलं. मुंगी मात्र कालपासून पोटावर हात ठेवून फिरत होती. मधूनच आरशात डोकावून बघायची.

आईने तिकिटांसोबत ठेवायला आपला पासपोर्ट काढला, तशी मुंगी मांडीवर चढली. आतल्या फोटोत बावीस वर्षांची आई ताठ मानेने, कोऱ्या चेहऱ्याने समोर बघत होती. मुंगीने त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, मग वर, आईच्या चेहऱ्यावरून.

“तू पण गिळलास,” ती म्हणाली. “माझा भाव बाबाला दाखवायचाय. तुझा परत यायला किती दिवस लागले?”