तिसऱ्या अंकातलं दुखणं

नवरा नट आणि बायको प्रॉम्प्टर, असा तो संसार होता. तो रंगमंचावर बोलायचा, ती विंगेत उभी राहून पुढचं वाक्य पुटपुटायची. टाळ्या त्याला मिळायच्या, पाय तिचे दुखायचे. पुढे नाटकं बंद झाली, त्याची स्मरणशक्तीही रजेवर गेली ती परत आलीच नाही, पण ही व्यवस्था चालू राहिली. दवाखान्यात तर ती फारच छान चालायची.

"काका, आज वार कोणता?" डॉक्टरीणबाई विचारायच्या.

शेजारच्या खुर्चीतून, ओठ न हलवता, "बुधवार."

"बुधवार," तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात सांगायचा.

"जेवण?"

"यथेच्छ."

"पोटाची काही तक्रार?"

"छे, मजेत."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नाटकं बघत नव्हत्या. त्या खूश व्हायच्या. नवऱ्याची लाज राहिली म्हणून बायकोही खूश व्हायची. प्रयोग रंगला म्हणून तोही खूश.

मग त्याचं जेवण सुटलं. घास तोंडात धरून तो नुसता बसायचा आणि मधेच कण्हायचा. "कुठे दुखतंय?" विचारलं की तिच्या तोंडाकडे बघायचा.

"पोटात का?"

"पोटात."

"का गुडघ्यात?"

"गुडघ्यात."

शेवटी ती वैतागून म्हणाली, "कपाटात?"

"कपाटात," तो म्हणाला, आणि चेहऱ्यावर खरोखरची कळ आणली.

त्या बुधवारी तिने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे काकू, तो बुधवार..."

"माझा."

"आणि यथेच्छ?"

"तोही माझाच. ह्यांना तो शब्द आवडतो."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "आज तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. काका, कुठे दुखतं?"

त्याने शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिने ओठ दाताखाली धरले. शांतता पसरली. नटाला दुखण्यापेक्षा शांततेची भीती जास्त. तो उठला, डावी छाती गच्च धरून दोन पावलं अडखळला आणि तपासणीच्या टेबलावर कुठेही न लागता, अतिशय देखणा कोसळला.

नर्स धावली. तारा लावल्या, ईसीजीची पट्टी काढली. हृदय ठणठणीत निघालं.

"असणारच," बायको म्हणाली. "हा तिसरा अंक. मरून झालं की चहा प्यायचे."

डॉक्टरीणबाईंनी बेंबीभोवती पोट दाबून पाहिलं. जिथे दाबतील तिथे "आई गं." नाइलाजाने त्यांनी टेबलाची कड दाबून पाहिली. "आई गं," तो म्हणाला, जरा जास्तच मनापासून.

आता काय करायचं, हे डॉक्टरीणबाईंनाही सुचेना.

तेव्हा बायको उठली. आयुष्यात कधी विंग सोडून पुढे न आलेली ती बाई टेबलापाशी गेली आणि पोट धरून वाकली. "अहो, मला फार दुखतंय हो. कुठे ते सांगताच येत नाही." अभिनय अगदीच टाकाऊ होता. डोळ्यांतलं पाणी मात्र अभिनयातलं नव्हतं.

तो उठून बसला. चेहऱ्यावरचा नट निघून गेला.

"अगं, रडू नकोस," तो म्हणाला. त्याने तिचा हात धरला आणि स्वतःच्या उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवला. "इथे ना? मलापण. आतून कुरतडतं. झोपूच देत नाही." हे त्याने इतक्या हळू सांगितलं, की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. फार दाबावं लागलं नाही.

"गाठ आहे, काकू. मोठी आहे."

"कधीपासून?"

"बरेच महिने असणार. मी दर वेळी पोटाचं विचारत होते."

"हो," ती म्हणाली. "मी 'मजेत' सांगत होते."

तिने हात काढून घ्यायला पाहिलं, पण त्याने तो तिथेच दाबून धरला होता.

"कमी झालं का गं तुझं?" त्याने विचारलं.

नर्सने मोठ्या इस्पितळात फोन लावला होता.

"झालं," ती म्हणाली.

"मग बरं," म्हणून तो समाधानाने आडवा झाला.