खंडूला दम लागला

दिल्लीच्या करोल बागेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानावर एक जिना आहे. रविवारी त्यावर माणसांपेक्षा कुत्री जास्त. वर 'चिनी हृदयवैद्य' नीरज गुरुजी कुत्र्याच्या मांडीतल्या नाडीवर दोन बोटं ठेवून डोळे मिटायचे. "जिगर की हवा दिल में घुस गई है. अंग्रेजी दवा बंद!" मग काळी गोळी. दोन दिवसांत फुगलेलं पोट उतरायचं आणि अख्खा जिना हात जोडायचा.

गाझियाबादच्या आमच्या शेजारीण भानुमतीबाईंनीही आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याची, खंडूची, हृदयाची औषधं थांबवून काळी गोळी सुरू केली. पोट उतरलं, तशी त्यांनी सोसायटीत बर्फी वाटली.

"सुधाकरराव, हजारो वर्षांचं शास्त्र आहे हो!"

"शास्त्र असेल. गुरुजी मात्र इथल्या शेजारच्या मुरादनगरचे आहेत."

बर्फी तेवढी मी खाल्ली.

महिन्याभरात खंडू धापा टाकू लागला. बाईंनी गुरुजींना फोन लावला आणि आपल्या घरगुती हिंदीत रडत म्हणाल्या, "खंडू को बहुत दम लगा है!"

"शाबाश! दम तो आना ही था. खुराक दुगुनी करो."

मराठीत दम म्हणजे धाप, हिंदीत ताकद. नाडीवरून हृदय वाचणाऱ्याला फोनवरचं रडणं ओळखता येईना!

खंडूची जीभ निळी पडलेली पाहिली आणि मी दोघांना रिक्षात घालून खंडूच्या आधीच्या डॉक्टर अक्षयाकडे नेलं. तिनं खंडूला ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. तो जरा सावरल्यावर बाईंच्या डबीतली काळी गोळी ब्लेडनं चिरली. आत पांढरी गोळी, वर कंपनीचा ठसा.

"काकू, ही लघवी वाढवणारी गोळी. मीच देत होते की, फक्त कमी मात्रेत! अंगातलं पाणी उतरतं, म्हणून पोट उतरतं. पण हृदयाला जोर देणारी दुसरी गोळी त्यानं बंद करायला लावली."

"आणि चिनी औषध?"

"वरचा गूळ आणि कोळसा. चिनी फक्त डबीवरची अक्षरं."

"म्हणजे मी माझ्याच हातानं..." बाईंनी डबी उचलून पिशवीत टाकली.

खंडू वाचला. पुढच्या रविवारी बाई ब्लेड घेऊन त्या जिन्यावर उभ्या राहिल्या. "श्रद्धा असेल त्यांनी गोळी चिरू नका. कुत्रा जगायला हवा असेल त्यांनी चिरा." एकेका गोळीतून तोच कंपनीचा ठसा निघत गेला; दुपारपर्यंत जिना ओस पडला आणि गुरुजी मागच्या दारानं पसार.

औषध कुठल्याही देशाचं असो, आत काय आहे ते विचारा. सांगत नसतील, तर घेऊ नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय चालू औषध थांबवू नका. मुक्या जनावराला प्रश्न विचारता येत नाही. ते काम आपलं.