जिन्न उतरवणारी चादर

पोर्ट सईदमधली आमची अख्खी गल्ली सकाळपासून माना वर करून उभी होती. सब्रीनच्या गच्चीवर शेख मुतवल्लीने मंतरलेल्या पाण्यात भिजवलेली पांढरी चादर टांगली होती, आणि तिच्यावर बघता बघता काळे ठिपके उमटत होते.

"निघाला! पोरीच्या छातीतला जिन्न निघाला!" शेख गरजला. "अरे समुद्राच्या राजा, हट्ट करू नकोस, उतर!"

राजा काही उतरेना. सब्रीनची लेक रौदा खांदे उचलून श्वास ओढत होती. औषधाने जिन्न पोसला जातो म्हणे, म्हणून तिचा दम्याचा पंप सब्रीनने माझ्या औषधांच्या दुकानात परत आणून टाकला होता. तोच खिशात घालून मी, गल्लीचा औषधवाला 'डॉक्टर', जिना चढलो होतो.

"डॉक्टर, तुम्ही मध्ये पडू नका," सब्रीन म्हणाली. "डोळ्यांना दिसतंय ते खोटं का?"

माझं डोकं फिरलं. ठिपके तर खरेच होते. म्हणूनच मी निहालला बोलावलं होतं. ही इंजिनियर बाई धक्क्यावर जहाजांचा धूर मोजते. ती यंत्राची पेटी आणि दुसरी चादर घेऊनच आली.

"मौलाना, हीसुद्धा तुमच्या पाण्यात भिजवते. समोरच्या गच्चीवर टांगू."

"तिथे कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. ती गच्ची तुमचीच ना?"

खाली हशा पिकला. शेख चुळबुळला. "आज नको. जिन्न दमलाय."

"दमू दे. जहाज येतंय ते बघा."

निहालने भिजवलेली चादर पोरांनी समोर नेऊन टांगली. जहाज कालव्यात शिरलं, वारा आमच्याकडे होता. यंत्रावर गंधकाच्या धुराचा आकडा सरसर चढला आणि जहाज पुढे गेलं तसा उतरला. शेखच्या गच्चीवरच्या चादरीवर तेच काळे ठिपके!

"मौलाना, तुमच्याही घरात?" खालून कोणीतरी ओरडलं.

निहालने मंतरलेल्या पाण्याच्या बादलीत बोट बुडवून चाखलं. "साखर! चिकट कापडावर काजळी झकास बसते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेख होण्याआधी मुतवल्ली होडीतून जहाजांना माल विकायचा. कुठलं जहाज कधी येतं, कुणाचा धूर काळा, सगळं त्याला पाठ. धूर दिसला की चादर वर. वारा फिरून चादर पांढरी राहिली की म्हणायचं, रोगी बरा!

इतक्यात रौदाला ढास लागली, ओठ निळे पडू लागले.

"डॉक्टर, पंप! अहो, द्या ना लवकर!" सब्रीन किंचाळली.

मी पंप पोरीच्या तोंडाला लावला; श्वास ताळ्यावर यायला बराच वेळ लागला. मग सब्रीनने हळूच विचारलं, "म्हणजे ते काळं खोटं नव्हतं?"

"काळं खरंय, जिन्न खोटा," निहाल म्हणाली. "ते हिच्या छातीतून बाहेर येत नाहीये, बाई. आत जातंय."

लोकहो, डोळ्यांना दिसलं की तिथेच थांबू नका, ते आलं कुठून हेही विचारा. दुसऱ्या गच्चीवर चादर टांगून बघा. जिन्नाविरुद्ध तक्रार करता येत नाही, धुराविरुद्ध येते. पुढचं जहाज दिसायला लागलंय. चला बंदराच्या कचेरीत.