सातव्या तुकड्यातली कबुली

बाळ झोपलं की आईचा दिवस सुरू होतो, हे घरोघरी ठाऊक असलेलं गुपित आहे. तिचंही तसंच होतं. लेक पेंगली की ती पाय न वाजवता स्वयंपाकघरात यायची आणि ओट्याला टेकून उभ्या उभ्याच फोनवर लिहायची. मोठं लिहायला आपल्याला वेळ नाही आणि मोठं वाचायला लोकांना नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. म्हणून ती थ्रेड लिहायची. एकाखाली एक छोटे तुकडे, आणि पहिला असा की वाचणाऱ्याचं बोट थबकलंच पाहिजे. पुष्कळ आया ते आवडीनं वाचायच्या.

त्या दिवशीचा पहिला तुकडा असा होता: 'आज पाळणाघरात माझ्या लेकीच्या घशात द्राक्ष अडकलं. ती निळी पडली. आणि मी तिथं नव्हते.'

पुढचं सगळं खालच्या तुकड्यांत होतं. पाळणाघराच्या काकूंनी लेकीला क्षणात मांडीवर पालथं घेतलं, पाठीत थापा मारल्या, द्राक्ष बाहेर पडलं. सातव्या तुकड्यात हेही होतं की ती अख्खी द्राक्षं डब्यात आईनंच भरली होती; 'उभी चिरून देत जा गं' असं काकूंनी बजावूनसुद्धा. तिनं काहीच लपवलं नव्हतं. वाचणाऱ्याची उत्सुकता टिकावी म्हणून फक्त मागे ठेवलं होतं.

पहिला तुकडा बघता बघता गावभर झाला. एकटाच.

दुसऱ्या सकाळी ती लेकीला सोडायला गेली, तर पाळणाघराच्या दारात चिमुकल्या चपलांचा नेहमीचा पसारा नव्हता, दोन-तीनच जोड होते. आत काकू रिकाम्या गाद्या गुंडाळत होत्या.

"बाकीची पिल्लं कुठं आहेत, काकू?"

"नाही पाठवणार म्हणाले. माझं लक्ष नसतं, असं मोबाइलवर आलंय म्हणे." काकूंनी हात पुढे करून लेकीला कडेवर घेतलं. "तू काही लिहिलंस का गं?"

आवाजात राग नव्हता. तेच तिला जास्त लागलं.

"मी तुमचं कौतुकच लिहिलंय, काकू. सगळं लिहिलंय."

"मग त्यांना ते दिसलं कसं नाही?"

तिनं फोन काढून पहिला तुकडा पुन्हा वाचला.

"आणखी दोघं गेली तर ही जागा सोडावी लागेल," काकू म्हणाल्या, आणि लेकीचं नाक पुसू लागल्या.

संध्याकाळी थोरली नणंद आली. तिचं औषधांचं दुकान होतं. दुकानात गोड सिरप भरपूर, जिभेवर मात्र थेंबभरही नाही.

"चूक लोकांची आहे, ताई," सगळी हकीकत सांगून ती म्हणाली. "पुढचं वाचायचे कष्ट नकोत यांना. त्याला मी काय करू?"

"लोकांची आहेच. त्यांना मी सोडत नाहीये. पण मला सांग, गिऱ्हाइकाला मी गोळ्या आज दिल्या आणि 'रिकाम्या पोटी घेऊ नका' हे पुढच्या आठवड्यात सांगितलं, तर?"

"तुमचं दुकान बंद होईल."

"माझी चूक, माझं दुकान. ठीकच आहे. इथं बंद कुणाचं होतंय?"

नवरा मधे पडला. "अगं, थ्रेड सगळे असेच लिहितात."

"तू भाजी निवड," नणंद म्हणाली. "लिहू देत की! सहलीचं लिहा, कुंडीतल्या झाडांचं लिहा, तुकडे करा नाहीतर भुगा करा. पण ज्यात एखाद्या माणसाची अब्रू अडकलीय, ते असं फोडून वाटायचं नसतं. भीती पहिल्या ओळीत आणि स्वतःची चूक पार तळाशी. का गं?"

"चूक आधी लिहिली असती तर कुणी थांबलं नसतं." मग हळू आवाजात, "थांबले असते. मला नावं ठेवायला थांबले असते."

"आत्ता बोललीस खरं."

लेकीला नवऱ्याकडे देऊन ती प्रथमच बसून लिहू लागली. तिच्या आयुष्यात सर्वांत जास्त वाचलं गेलेलं लिखाण तिनं आधी काढून टाकलं. जीव हळहळला, पण बोट मागे घेतलं नाही. मग एकच सलग मोठी पोस्ट लिहिली. पहिलं वाक्य: 'द्राक्षं मी अख्खी दिली होती, काकूंनी माझी लेक वाचवली.'

सकाळपर्यंत ती पोस्ट मोजक्याच लोकांनी वाचली होती. पूर्वीची ती असती तर हिरमुसून बसली असती. आता तिनं लेकीला कडेवर घेतलं आणि मुलं काढून घेतलेल्या पालकांची दारं वाजवायला निघाली.

पहिलं दार जुळ्यांच्या बाबांनी अर्धवट उघडलं. "लिंक पाठवा ना. सवडीनं वाचतो."

"नको. मी वाचून दाखवते. थोडं उभं राहावं लागेल."

तिनं सुरुवात केली. लेक तिच्या कानातला डूल ओढत होती, तरी ती थांबली नाही. निम्म्यात दार पूर्ण उघडलं.

"हे आम्ही वाचलंच नव्हतं," ते म्हणाले.

"खाली होतं."

"मी तर नुसतं वरचंच पुढं ढकललं. बऱ्याच जणांना."

"मग त्या सगळ्यांना हेही पाठवा. आत्ता. मी थांबते."

त्यांनी तिच्यासमोरच पाठवलं. पुढच्या दारी तिला पाणी मिळालं, त्याच्या पुढचं दार उघडलंच नाही. ती पुन्हा गेली, तिसऱ्यांदाही गेली. जुळी परत आली, त्यांच्यामागून आणखी काही मुलं आली. एक घर शेवटपर्यंत बधलं नाही; बोलून गेलेलं सगळंच परत घेता येत नाही. पण काकूंना जागा सोडावी लागली नाही.

वाचकहो, थ्रेड लिहिण्यात पाप नाही आणि मोठं लिहिल्यानं पुण्य लागत नाही. पण एखाद्याची भाकरी आपल्या शब्दांवर अवलंबून असेल, तर त्याच्या बाजूचं सत्य पहिल्या ओळीत यायला हवं. आणि वाचणाऱ्यानं शेवटापर्यंत गेल्याशिवाय कुणाला दोषी धरू नये, पुढे तर पाठवूच नये. तेवढा वेळ आपल्यापाशी असतो. नसला, तर निवाडा करण्याचा हक्कही नसतो.