हं म्हणजे हो

पडद्यावरच्या लांडग्याच्या बुबुळात एका चौकोनी खिडकीचं प्रतिबिंब आहे. लांडगा उभा आहे घनदाट जंगलात, आणि त्या जंगलात खिडकी नाही. चित्रकाराला हे दाखवलं, तर तो म्हणाला, "त्याने डोळे गोड दिसतात." आमच्या कंपनीत लांडगासुद्धा गोड दिसावा लागतो.

कंपनी माझ्या धाकट्या दिरांची. जुन्या परीकथा घ्यायच्या, त्यांचे दात उपटायचे आणि टॅबलेटवर मुलांच्या हवाली करायच्या, हा धंदा. आमचा लांडगा कुणाला खात नाही. तो आजीच्या दारात उभा राहून "मी आत येऊ का?" असं विचारतो. मूल हो किंवा नाही म्हणतं, तशी गोष्ट पुढे सरकते. आत आला, तर तो आजीबरोबर कुंड्यांना पाणी घालतो. नाही आला, तर बाहेरच्या कुंड्यांना घालतो. याला दीर 'मुलांच्या हाती गोष्टीची सूत्रं' म्हणतात.

घरात बालमानसशास्त्र शिकलेली मी एकटीच. म्हणून चाचण्या माझ्याकडे. 'या गोष्टींमुळे मुलांची ऐकण्याची क्षमता वाढते', या वाक्याखाली सहीही माझीच हवी होती. ती मी 'वाचते', 'बघते' करत बरेच आठवडे लांबवली होती.

घोटाळा पहिल्याच चाचणीत झाला. दिरांची पाच वर्षांची लेक, चिमी, गोष्ट ऐकताना वाक्यागणिक 'हं' म्हणत होती. लांडग्याने आत येऊ का विचारलं, तेव्हाही ती "हं" म्हणाली, म्हणजे ऐकतेय, पुढे सांग. यंत्राने तो होकार धरला. दार उघडलं, पडद्यावर फुलं उधळली गेली आणि आवाज आला, "शाब्बास! हा निर्णय तू घेतलास."

"मी कधी घेतला?" चिमीने विचारलं. टॅबलेटला हा प्रश्न अपेक्षित नव्हता.

मी प्रोग्रामरला समजावलं, की हं म्हणजे हो नव्हे. आवाज वर चढवला, तर तोच हं 'काय म्हणालास?' होतो. दटावून दोनदा म्हटला, तर 'खबरदार'.

"मॅडम, एवढ्याशा टिंबात एवढं सगळं कोण कोंबतं?" तो म्हणाला.

तोडगा दिरांनीच काढला. प्रश्न विचारलेला नसताना मूल बोललं, की गोष्ट थांबेल आणि लांडगा ओठांवर पंजा ठेवेल. उपाय लागू पडला. मुलं गप्प झाली, चाचण्यांचा आलेख चढला. गप्प बसण्याला कंपनीने 'एकाग्रता' म्हटलं. नाव द्यायला अक्कल लागत नाही.

रविवारी दुपारी चिमी माझ्याजवळ येऊन बसली.

"काकू, गोष्ट."

"एका विहिरीत एक बेडूक राहायचा," मी म्हणाले आणि सवयीने थांबले. ती ओठ घट्ट मिटून बघत राहिली. "त्याला वाटायचं, आभाळ विहिरीएवढंच असतं." तरी काही नाही. भिंतीला गोष्ट सांगितल्यासारखं वाटलं.

"झोप आली का गं?"

तिने मान हलवली. नाही.

"मग हं म्हण की."

"बोललं की गोष्ट थांबते," ती कुजबुजली आणि लगेच माझ्या तोंडाकडे पाहू लागली, मी थांबते की काय म्हणून.

सोमवारी ऑफिसातल्या काचेच्या खोलीत दिरांनी सहीचा कागद पुढे सरकवला.

"वहिनी, दादा सांगत होता, तुम्ही सगळं वाचलंत."

"वाचलं."

"मग अडलंय कुठे? इवलीशी सही. घरचंच तर काम आहे."

"मॅडम टिंबं मोजत असतील," शेजारी बसलेला प्रोग्रामर म्हणाला. दीर हसले.

"चिमी हल्ली गोष्ट ऐकताना काही बोलते, भाऊजी?"

"छे. पूर्वी हं हं करून डोकं उठवायची. आता कशी शहाण्यासारखी ऐकते." ते कौतुकाने सांगत होते. "आपल्या मालाचा याहून मोठा पुरावा कुठला? आणि वहिनी, स्पष्टच बोलतो. तुमची सही नाही, तर या टेबलावर तुमचं काम काय, असं भागीदार विचारतील. मला उत्तर देता येणार नाही."

"नका देऊ," मी म्हणाले. "सही मी करणार नाही, भाऊजी. आजही नाही आणि उद्याही नाही."