तोंडी परीक्षेची सूट

फाइल हातात असली की ही बाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही. अठरा वर्षं मोठ्या इस्पितळाच्या चौकशी खिडकीत काढलेली. माणूस खिडकीशी येऊन नुसतं "एक्स..." म्हणाला की हिचं उत्तर तयार, "तळमजला, डावीकडे, आधी पावती करा." प्रत्येकाचं बोलणं पुरं होऊ दिलं असतं तर रांग रस्त्यावर गेली असती. तिथे तो गुणच होता. तोच गुण घरी आणला आणि तिथे घोटाळा झाला.

घरी लेक होती आणि लेक बोलताना अडखळायची, अगदी लहानपणापासून. पहिलं अक्षर ओठांवर अडायचं, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. आईला ते बघवायचं नाही. ती पटकन पुढचा शब्द पुरवायची, पोरगी मान हलवायची, की दोघी सुटल्या. शाळेत आईनं जिवाचं रान केलं. प्रमाणपत्रं काढली, मुख्याध्यापकांशी भांडली, पाठांतर माफ करून घेतलं. तळहाताच्या फोडासारखं जपलं म्हणतात ते हेच. खोटं कशाला बोला, दुसरी कुठली आई वेगळं वागली असती?

आता लेक वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षा, आणि अर्ज पक्का करायची मुदत आज पाचपर्यंत. अर्ज आईनंच भरला होता. त्यात ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "तोंडी परीक्षेतून पूर्ण सूट मिळावी." लेकीनं मुकाट्यानं सही केली होती.

दिव्यांग विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या मॅडमची खोली जिन्याखाली होती. दोन खुर्च्या, एक कपाट, चष्मा कपाळावर चढवलेल्या मॅडम. त्यांनी अर्ज वाचला, परत वाचला.

"ताई, सही लेकीची आहे, पण अक्षर तुमचं आहे."

"मग? हक्कच आहे तिचा. कायदा वाचून आलेय मी."

"हक्क तिचा आहे म्हणून तर तिला विचारायचंय. शाळेत तुम्ही मागितलंत, ते बरोबरच होतं. इथे ती सज्ञान आहे. काय हवं ते तिनं सांगायचं. तुम्ही इथे बसायचं की नाही, हेसुद्धा तिनंच ठरवायचं."

आई फणकारली. जिला नऊ महिने पोटात वागवली तिच्याशेजारी बसायला आता परवानगी लागणार! पण लेकीनं मान डोलावली, बसू दे म्हणून.

"मग एकच अट," मॅडम म्हणाल्या. "मध्ये बोलायचं नाही." आणि मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "हे बघ, सूट म्हणजे परीक्षाच नाही. ते गुण लेखीच्या प्रमाणात लावतील आणि गुणपत्रिकेवर तशी नोंद येईल. सोय वेगळी. सोय म्हणजे परीक्षा तीच, प्रश्न तेच, फक्त वाटेतला अडथळा काढायचा. जास्त वेळ, लिहून उत्तरं, तुला लागेल तसं. दोन्ही मागायचा तुला हक्क आहे. पण आज एकच पक्कं होईल, नंतर बदल नाही. तुला काय हवंय?"

लेकीनं तोंड उघडलं. "म... म..."

"सूटच हवीय तिला," आई बोलून गेली. जित्याची खोड, दुसरं काय!

मॅडमनी पेन उचललंच नाही. "थांबा ताई."

आणि त्या थांबल्या. धीर देणारं हसल्या नाहीत, घड्याळाकडे बघितलं नाही, नुसत्या बसून राहिल्या. पोरीची मान ताठ झाली, डोळे मिटले. आईनं पदर मुठीत आवळला. आता ही काय बोलणार, झाली शोभा, असं तिच्या मनात आलं.

"मला... प-परीक्षा द्यायची आहे," लेक म्हणाली.

मग परत थांबली आणि परत बोलली. फांदी हातात दिली की झाड कुठल्या कुळातलं ते ती सांगू शकते. वर्गात तिच्याइतकं कुणाला येत नाही. तिला फक्त वेळ हवा होता. एवढं सांगायला तिला किती मिनिटं लागली कोण जाणे, पण लेकीच्या तोंडून इतकी वाक्यं सलग आईनं कधीच ऐकली नव्हती. तिला आनंद झाला म्हणावं तर तसंही नाही. आधी रागच आला.

"आणि परीक्षक हसले तर?" तिच्यानं राहवेना.

"ह... हसू देत."

मॅडमनी आईचं वाक्य सरळ रेघ मारून खोडलं. खाली लिहिलं, दुप्पट वेळ. "आणखी काही?"

लेक आईकडे न बघता बोलायला लागली. बराच वेळ लागला. "माझं वाक्य... कुणी... पुरं करायचं नाही."

मॅडमनी तेही कागदावर उतरवलं, सरकारी भाषेत. "परीक्षकांनी विद्यार्थिनीचे वाक्य स्वतः पूर्ण करू नये." लेकीनं वाचून सही केली. पाचला दहा मिनिटं कमी होती.

बाहेर येईपर्यंत आईनं दम धरला. फाटकाशी आल्यावर मात्र बांध फुटला. "मला वैरीण केलंस तिथे. इतकी वर्षं तुझ्यासाठी राबले मी. परीक्षा द्यायची होती तर आधी सांगायचंस ना मला!"

लेकीनं तोंड उघडलं. अक्षर अडलं. आईच्या ओठांवर पुढचा शब्द आला, नेहमीसारखा, आणि पहिल्यांदाच तिनं तो गिळला. माणसं आजूबाजूनं जात राहिली. ती उभी राहिली.

"स... सांगत होते," लेक म्हणाली. "द-दर वेळी."